‘फॉरमॅट मारा’च्या आधी : विसरलेल्या पासवर्डचा इतिहास

(दीर्घ थ्रेड)

धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत घरच्या संगणकाचा पासवर्ड विसरल्याची तक्रार नेली, की दुकानातून बहुधा एकच उत्तर येई : “फॉरमॅट मारावा लागेल.” मग विंडोजची सीडी निघे, दीड-दोन तासांत यंत्र नव्यासारखे होई आणि त्यासोबत बारशाचे फोटो, दहावीचे प्रकल्प, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून टंकून घेतलेली वंशावळ, सारे पुसले जाई.

या थ्रेडचा विषय तो फॉरमॅट आहे. त्या काळातील बहुतेक घरगुती संगणकांवर तो मारण्याची गरजच नव्हती. पासवर्ड हे दाराचे कुलूप होते आणि दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत नव्हती. पुढे ती भिंत बांधली गेली, आणि जुनी समजूत नव्या पद्धतीने महाग पडू लागली. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू.

प्रथम शब्दाकडे. मराठीत ‘पासवर्ड’ला ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. हा शब्द पहाऱ्यावरचा आहे. रात्रीच्या अंधारात चेहरा दिसत नाही, म्हणून ठरलेला शब्द उच्चारणारा तो आपला माणूस. ‘कुलूप’ अरबी-फारसीतून आले, ‘चावी’ पोर्तुगिजांकडून आली, ‘पासवर्ड’ इंग्रजीतून आला. घर राखण्याची ही सारी सामग्री मराठीने बाहेरून घेऊन आपलीशी केली आहे. त्यांत एक फरक मात्र मूलभूत आहे. चावी हरवली तर कुलूप तोडता येते आणि पेटीतील ऐवज तसाच राहतो. परवलीचा शब्द विसरणाऱ्याचे काय करायचे, हे पहारेकऱ्याला आधी कोणीतरी सांगून ठेवलेले असावे लागते.

जुन्या प्रशासनाने हा प्रश्न ओळखला होता. सरकारी कोषागारांत दुहेरी कुलपाची पद्धत आहे. दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे, आणि जोडकिल्ल्या दुसऱ्याच सुरक्षित ठिकाणी जमा. किल्ली कधीतरी हरवणारच हे गृहीत धरून केलेली ती व्यवस्था होती. घरगुती संगणकाच्या बाबतीत असे गृहीत धरायला फार वर्षे लागली.

संगणकावरचा पासवर्ड जन्माला आला तो घरासाठी नव्हेच. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली एक प्रणाली दाखवण्यात आली. एकच महागडे यंत्र, त्याला जोडलेली अनेक टर्मिनल्स, आणि यंत्राचा वेळ साऱ्यांत वाटलेला. एकाच्या फाइली दुसऱ्याने उघडू नयेत, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला.

तो फुटायलाही वेळ लागला नाही. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडत. १९६२ साली त्याने पंचकार्डावरून पासवर्डांची फाइल छापण्याची विनंती यंत्राला केली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. नंतर एकदा त्याच प्रणालीत याहून मजेदार घोटाळा झाला. रोजच्या सूचनेची फाइल आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल झाली, आणि जो कोणी आत येई त्याच्यासमोर साऱ्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले.

यातून धडा घेतला गेला तो असा, की पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवायचाच नाही. केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकातच एकेरी रूपांतराची कल्पना वापरली. ज्वारी दळली की पीठ होते, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. यंत्राने फक्त पीठ ठेवायचे. कोणी पासवर्ड टंकला की तोही दळायचा आणि पीठ जुळते का ते पाहायचे. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दळण्याआधी त्यात थोडी यादृच्छिक भर टाकण्याची युक्ती मांडली. तिचे नावच ‘मीठ’. मिठामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला, तरी पीठ वेगळे होते.

‘विसरलेला पासवर्ड मला सांगा’ या विनंतीला संगणक उत्तर देऊ शकत नाही, त्याचे कारण हेच. तो लपवत नसतो. त्यालाही तो ठाऊक नसतो. म्हणून विसरलेला पासवर्ड ‘शोधून काढणे’ आणि जुना बाजूला सारून नवा बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आता घरच्या यंत्राकडे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीला पासवर्ड नव्हता. यंत्र एकाचे, घर त्याचे, राखायचे कोणापासून? १९८४ च्या आयबीएम एटीला मात्र दर्शनी बाजूस चक्क धातूची किल्ली होती. ती फिरवली की कळफलक निकामी होई आणि पेटीही उघडत नसे. संगणकाला खरीखुरी किल्ली असण्याचा तो अल्पकाळ.

त्याच पिढीपासून मदरबोर्डावर सेल आला. यंत्र बंद असताना घड्याळ आणि मूलभूत मांडणी त्या सेलवर जिवंत राहते. विंडोजच्याही आधी जो पासवर्ड विचारला जाई, तो याच स्मृतीत असे. म्हणून जुन्या टेबलावरील यंत्राचा सेल काढून थोड्या वेळाने परत बसवला, किंवा बोर्डावरची छोटी टोपी सरकवली, की तो पासवर्ड जाई. कित्येकदा तेवढेही करावे लागत नसे. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्राचा सेल आपोआप संपे आणि घड्याळाबरोबर पासवर्डही नाहीसा होई. लॅपटॉपमध्ये पुढे हा पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये गेला. तिथे सेल काढून काही साधत नाही.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात संगणक घराघरांत शिरू लागला तो दोन हजारच्या दशकात. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम त्या काळात तालुक्या-तालुक्यांत पोचला. सरकारी नोकरीच्या संगणक-अर्हतेसाठी तो चाले, म्हणून मुलांबरोबर शिक्षक आणि लिपिकही त्या वर्गांना बसले. भारनियमनाचे ते दिवस. त्यामुळे संगणकासोबत यूपीएस आलाच. पेटीला सारे ‘सीपीयू’ म्हणत, आणि दुरुस्तीला न्यायचे ते त्या पेटीलाच.

या घरांत विंडोज ९८ असे, तर कुठे त्याची धाकटी भावंडे. विंडोज ९५ आणि ९८ सुरू होताना नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येई. ती पाहून अनेकांना वाटे, हे कुलूप आहे. वास्तविक ‘एस्केप’ ही कळ दाबली की चौकट जाई आणि डेस्कटॉप समोर येई. यात चोरवाट अशी काही नव्हती. तो पासवर्ड जाळ्यावरील इतर संगणकांसाठी आणि ज्याच्या-त्याच्या आवडीच्या मांडणीसाठी होता, यंत्र राखण्यासाठी नव्हताच. तो ज्या छोट्या फाइलीत असे, ती पुसली की विंडोज नवा पासवर्ड मागे. एवढ्यासाठी फॉरमॅट मारला गेला असेल, तर त्याला अज्ञानाचा दंड म्हणावे लागेल.

खरे कुलूप आले ते २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर. एक्सपीचा पाया विंडोज एनटीचा. एनटी कार्यालयांसाठी बांधलेली प्रणाली, तिच्यात खाती, अधिकार, पासवर्डांचे दळण, सारे होते. एक्सपीमुळे कार्यालयाचे ते दार पहिल्यांदा घराला बसले. बसवणाऱ्यांनी किल्लीचा विचारही केला होता. ‘पासवर्ड रीसेट डिस्क’ नावाची फ्लॉपी बनवून ठेवण्याची सोय एक्सपीत होती, म्हणजे कोषागारातली जोडकिल्लीच. फ्लॉपी बनवायची आठवण होई ती पासवर्ड विसरल्यानंतर, आणि तेव्हा ती बनवता येत नसे.

दुसरी सोय कोणाच्या ध्यानातच नसे. एक्सपी बसवताना ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचे एक मुख्य खाते आपोआप तयार होई. होम आवृत्तीत ते स्वागताच्या पडद्यावर दिसत नसे. यंत्र सुरू होताना ‘एफ८’ दाबून सेफ मोडमध्ये गेले की ते प्रकट होई, आणि त्याचा पासवर्ड मुळात रिकामा असे. दुकानदाराने किंवा घरच्यांनी तो मुद्दाम घातला नसेल, तर तिथून आत जाऊन विसरलेल्या खात्याला नवा पासवर्ड देणे हे काही मिनिटांचे काम होते.

तेही जमले नाही, तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची. फाइली डिस्कवर उघड्याच पडलेल्या असत. पासवर्ड विचारणारी विंडोज झोपलेली आणि दुसरी विंडोज जागी, मग अडवणार कोण? खासगी म्हणून राखलेला फोल्डर आढळला, तर त्याची मालकी नव्या विंडोजच्या मुख्य खात्याकडे घेता येई. फोटो उतरवून घ्यायचे आणि मग हवे तर खुशाल फॉरमॅट मारायचा.

नॉर्वेचे पेटर नोर्दाल-हागेन यांनी तर १९९७ सालीच याहून थेट उपाय विनामूल्य उपलब्ध करून दिला होता. एका फ्लॉपीवर मावणारे लिनक्स, पुढे सीडीवरही. त्यावरून यंत्र सुरू केले, की विंडोजच्या खात्यांच्या फाइलीत शिरून पासवर्ड रिकामा करता येई. जुना पासवर्ड काय होता हे न कळताच दार उघडे.

तो काय होता हेही कळू शके, कारण जुन्या विंडोजांचे दळण कच्चे होते. पासवर्ड मोठ्या लिपीत बदलला जाई, सात-सात अक्षरांचे दोन तुकडे होत, आणि मीठ तर नावालाही नसे. २००३ साली लोझानचे फिलिप ओक्सलिन यांनी दाखवले, की आधी तयार करून ठेवलेले तक्ते वापरले तर अक्षरे व अंक यांचा असा पासवर्ड सरासरी चौदा सेकंदांच्या आत सापडतो.

मग एवढे सारे उपलब्ध असताना फॉरमॅटच का? दुकानदारांना दोष देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. फॉरमॅट हे खात्रीचे काम होते. त्यात व्हायरसही जाई, मंदावलेले यंत्र वेगाने चालू लागे, दर ठरलेला असे, आणि यंत्र नेमके कोणाचे या प्रश्नात पडावे लागत नसे. तो प्रश्न किरकोळ नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम ऑक्टोबर २००० पासून लागू झाला, आणि मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणे त्यानुसार दंडनीय आहे. स्वतःच्या यंत्राचे कुलूप काढणे निराळे आणि दुसऱ्याचे निराळे. काउंटरवर ठेवलेली पेटी पाहून हा फरक कळत नाही.

कोणाचे किती वाचले, हे अनेकदा एका छोट्या गोष्टीवर ठरे. विक्रेते हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत. विंडोज ‘सी’वर असे आणि फॉरमॅटही ‘सी’चाच होई. ज्यांनी फोटो ‘डी’वर ठेवले, त्यांचे राहिले. पण ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप हे दोन्ही ‘सी’वरच असत, आणि नवशिक्या माणसाला जपून ठेवण्याची जागा म्हणून विंडोज स्वतःच तीच दाखवी.

मराठी घरांसाठी फॉरमॅटमध्ये आणखी एक फटका होता. तेव्हाचे बहुतेक मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये नव्हते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम, आकृती, अशी साधने वापरात होती. त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉरमॅटनंतर विंडोजच्या फोल्डरातील ते फॉन्ट नाहीसे होत. ‘डी’वर सुखरूप राहिलेली फाइल उघडली, की वंशावळीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसे. अक्षर-न्-अक्षर शाबूत, तरीही वाचता येत नाही. अनेकांनी अशा फाइली ‘खराब झाल्या’ म्हणून पुसून टाकल्या. वस्तुतः तोच फॉन्ट परत बसवला असता तर मजकूर जसाच्या तसा उभा राहिला असता. श्रीलिपीसारख्या पॅकेजला तर संगणकाच्या मागे लावायचे हार्डवेअर लॉकही असे. तेही हरवले म्हणजे कुलूप दुहेरी झाले.

आणि कित्येकदा पासवर्ड विसरलेलाच नसे. कॅप्स लॉक चालू असे. लॅपटॉपवर नम लॉकमुळे काही अक्षरांऐवजी अंक उमटत. विंडोज २००० पासून मराठीचा कळफलक उपलब्ध झाला, आणि तो निवडलेला राहिला की बोटे रोजच्याच कळांवर पडत पण अक्षरे भलतीच उमटत. पडद्यावर तर साऱ्याचे टिंबच. तीन-चार वेळा नकार मिळाला की माणसाचा स्वतःच्या स्मृतीवरचा विश्वास उडतो, आणि मग बरोबर असलेला पासवर्ड सोडून तो इतर सारे आजमावत बसतो.

स्मृती माणसासोबतच निघून जाते तेव्हा काय होते, याचे एक नोंदलेले उदाहरण नॉर्वेचे आहे. नीनॉर्स्क या भाषारूपाचा पाया घालणाऱ्या इवार ओसेन यांच्या नावाचे केंद्र तिथे आहे. भाषाभ्यासक रेइडार ज्युपेदाल यांच्या ग्रंथसंग्रहाची सुमारे ११,००० नोंदींची संगणकीय सूची या केंद्राकडे होती. तिला पासवर्ड होता, आणि ज्याने सूची केली त्याच्या मृत्यूबरोबर तो गेला. ग्रंथ होते, त्यांच्यातील वाट नव्हती. २००२ च्या जूनमध्ये केंद्राने जगाला जाहीर आवाहन केले. उत्तर लवकरच आले. पासवर्ड होता ज्युपेदाल हे आडनाव, रोमन लिपीत उलट्या क्रमाने लिहिलेले. लहान भाषेचा ठेवा सांभाळणाऱ्या संस्थेला आपल्याच दाराबाहेर उभे राहावे लागले, ते एका उलट्या आडनावासाठी.

सूचीचे ते कुलूप कच्चे निघाले, हे केंद्राचे भाग्य. नंतरच्या काळात असे भाग्य दुर्मीळ होत गेले.

पहिली चुणूक एक्सपीतच होती. त्याच्या प्रोफेशनल आवृत्तीत निवडक फाइली सांकेतिक करून ठेवता येत, आणि त्यांची किल्ली खात्याच्या पासवर्डशी गुंफलेली असे. अशा खात्याचा पासवर्ड बाहेरून जबरदस्तीने बदलला, की खाते उघडे पण त्या फाइली कायमच्या बंद होत. नोर्दाल-हागेन यांच्या साधनातही हा धोका होताच. सुदैवाने घरगुती वापरात ही सोय क्वचितच कोणी चालू केली.

२००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आले. आता फाइल नव्हे, अख्खी डिस्कच सांकेतिक. सुरुवातीला ते महागड्या आवृत्त्यांपुरते होते. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून योग्य यंत्रणा असलेल्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की डिस्क आपोआप सांकेतिक होऊ लागली. २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्या मांडणीत ही पद्धत आणखी यंत्रांवर पसरली. अनेक घरांत डिस्क अशी बंदिस्त आहे, हे घरच्यांना ठाऊकही नसते.

येथे जुन्या युक्त्या संपतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी समोर येतो अर्थहीन अंकांचा ढीग. चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या मालकासाठी हे वरदान आहे. वारलेल्या वडिलांच्या लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलीसाठी ते तसे नाही.

पासवर्ड विसरण्याची तऱ्हाही पालटली. रोज चार-सहा अंकी पिन किंवा बोटाचा ठसा वापरणाऱ्याला मूळ पासवर्ड वर्ष-वर्ष लागत नाही. मग यंत्र एखाद्या दिवशी तोच मागते. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, तर दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून त्याचा पासवर्ड बदलता येतो, आणि त्यात काहीही पुसले जात नाही. यंत्रापुरतेच मर्यादित खाते असेल, तर विंडोज १० मध्ये २०१८ पासून तीन सुरक्षा-प्रश्नांची सोय आहे, ती आधी भरलेली असेल तर.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलायचा तर ओटीपी लागतो, आणि तो जातो खाते उघडताना दिलेल्या क्रमांकावर. तो क्रमांक बंद पडलेला असू शकतो. भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे घराच्या दाराची जोडकिल्ली टपालाने पाठवली जाते, आणि पत्त्यावर राहतो भलताच माणूस.

उरते ती बिटलॉकरची पुनःप्राप्ती-किल्ली : ४८ अंक, सहा-सहाचे आठ गट. मदरबोर्ड बदलला किंवा यंत्राच्या मूळ मांडणीत फेरफार झाला, की निळ्या पडद्यावर ती मागितली जाते. खाते उघडत असेल तर तिथे ती पाहता येते. सेटिंगमधून ती छापूनही घेता येते, आणि सातबारा, रेशनकार्ड ज्या पिशवीत असते त्या पिशवीत ठेवता येते. या अंकांच्या रचनेत एक कारागिरी आहे. प्रत्येक गटातील सहा अंकी संख्येला ११ ने पूर्ण भाग जातो. उमरग्यातून कोणी ती किल्ली फोनवर वाचून दाखवत असेल आणि पुण्यात बसलेला मुलगा ती टंकत असेल, तर चुकलेला अंक त्या गटातच पकडला जातो, आणि मुलगा म्हणतो, “बाबा, चौथा गट परत सांगा.”